जुंपल्यावर बदल नाही

निमगाव सावाच्या भागुजी डोळसांची थोरली मुलगी स्वप्ना. तिला लहानपणापासून एक खोड होती. एकाच गोष्टीबद्दल दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले की तिच्या पोटात दुखायचं. रेशनकार्डावर आईचं वय एक्केचाळीस आणि मतदार यादीत सेहेचाळीस, हे तिला दहाव्या वर्षी सापडलं आणि तिने आईचा पिच्छाच पुरवला. "आई, खरं कोणतं?" द्रौपदा म्हणाली, "दोनी खरं. आपल्याला काय करायचंय?" पण पोरगी ऐकेना. शेवटी एक आख्खा दिवस मोडून मायलेकी कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने विचारलं, "बाई, तुमचं वय नक्की किती?" तेव्हा द्रौपदाने बेधडक अडतीस सांगितलं, आणि दोन्ही कागदांवर अडतीस झालं. वय खरं की खोटं याच्याशी स्वप्नाला कर्तव्य नव्हतं. दोन्हीकडे एकच आहे म्हणून ती घरी येईपर्यंत एसटीत गुणगुणत होती.

वडलांचा खाक्या वेगळा. भागुजींचं पोट पावणेदोन एकरातल्या कांद्यावर चालायचं, पण मान होता तो आवाजाला. तरुणपणी जलशात पहिला सूर त्यांचा असे. तो खडा आवाज ऐकून जुन्नर-आंबेगावातल्या यात्रांचे पंच त्यांना बैलगाडा शर्यतीच्या माईकवर बोलवायला लागले. गाडे पळतात त्या चढाच्या रस्त्याला घाट म्हणायचं आणि एका गाड्याच्या पळण्याला बारी. गाड्याला चार बैल, आणि बारीच्या आधी मालकाचं नाव, गावाचं नाव आणि चारही बैलांची नावं माईकवर घ्यायची. पूर्वी काही चलाख मालक एका बैलाचं नाव पुकारून घ्यायचे आणि ऐनवेळी पाहुण्यांचा पळणारा बैल आणून उभा करायचे. भागुजींनी हा चावटपणा बंद केला. आधी स्वतः खाली जाऊन चारही बैल डोळ्यांनी बघायचे, मग नावं वहीत लिहून पुकारायची, आणि गाडा जुंपला की वहीला कोणी हात लावायचा नाही. "जुंपल्यावर बदल न्हाई!" हे ते अशा आवाजात म्हणत की गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीवर बसलेला गडीसुद्धा पाठ ताठ करी.

स्वप्ना नारायणगावला बारावी झाली आणि पुण्याला वसतिगृहात राहून इंजिनिअर झाली. दोन हजार पाच साली तिथेच एका कंपनीत लागली. ती तिथे नक्की काय करते, हे गावाला समजावून सांगताना भागुजींची जी तारांबळ उडायची ती बघण्यासारखी होती. "यंत्राच्या पोटात यंत्रं असत्यात," ते सांगत, "आन् आमची पोरगी त्यांच्यावर मुकादम." हे ऐकून स्वप्ना कपाळाला हात लावायची, पण खरं सांगायचं तर वडलांचं फारसं चुकत नव्हतं. एका मोठ्या खऱ्या यंत्रावर हायपरव्हायजर नावाची प्रणाली बसवतात. ती त्याच्या पोटात पाच-पंचवीस भासमान यंत्रं चालवते, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की सगळं रान आपल्या एकट्याचंच. प्रत्येकाला दोन-चार भासमान प्रोसेसर मिळालेले असतात. यंत्र सुरू करायच्या आधी प्रत्येक प्रोसेसरची एक यादी भरून द्यायची की याला कोणकोणती कामं येतात. यंत्र जागं झालं की ती यादी एकदा वाचतं, मनात ठेवतं आणि पुन्हा म्हणून विचारत नाही.

आता हीच यादी यंत्र चालू असताना कोणी मागच्या मागे बदलली तर? यंत्र बिचारं पहिल्या यादीच्या भरवशावर काम सांगणार आणि प्रोसेसर म्हणणार, हे मला येतच नाही. की कोसळलं जागच्या जागी. आणि एकाच यंत्राच्या चार प्रोसेसरांच्या याद्या चार तऱ्हेच्या झाल्या तर विचारूच नका. पहिल्यावर सुरू झालेलं काम तिसऱ्यावर गेलं की तिथे अडून बसायचं. दोन हजार आठच्या दिवाळीत स्वप्नाला दिसलं की त्या प्रणालीच्या गाभ्यात हे असं करायला कोणी मनाईच केलेली नाही. तिच्या पोटात दुखायला लागलं हे वेगळं सांगायला नको.

ती प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरातले लोक मिळून ती लिहायचे आणि प्रागमध्ये बसलेला पावेल नावाचा एक कडक गृहस्थ आलेली प्रत्येक दुरुस्ती तपासायचा. स्वप्नाने दुरुस्ती लिहून पाठवली, ती परत आली. सुधारून पाठवली, पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी पावेलने विचारलं की यंत्र सुरू झालंय का हे तू आधी बघतेस आणि यादी नंतर बदलू देतेस, त्या मधल्या क्षणात यंत्र सुरू झालं तर? स्वप्नाला स्वतःचीच लाज वाटली. तिने बघणं आणि बदलणं दोन्ही एकाच कुलपाच्या आत नेलं, म्हणजे एक काम पुरं झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला आत शिरताच येऊ नये. फेब्रुवारीत चौथ्या वेळी पावेलने दुरुस्ती घेतली. यंत्राचा एक जरी प्रोसेसर एकदा जरी चालला, की त्या यंत्राच्या सगळ्या याद्या बंद. कोडच्या डोक्यावर स्वप्नाने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. तिचा अर्थ, जुंपल्यावर बदल नाही, वडलांना फोनवर सांगितला तेव्हा भागुजी इतक्या मोठ्याने हसले की पलीकडच्या वावरातली माणसं बघायला लागली. "माझा घाटाचा नियम पोरीनं परदेशात लावला!" ही बातमी त्यांनी आठ दिवसांत आण्याच्या पठारापर्यंत पोचवली.

त्या वर्षीची ही हकिकत यात्रेच्या दिवसांतली. घोडेगावच्या जवळ एका गावची यात्रा होती आणि दोन दिवस भागुजींचा माईक ठरलेला होता. स्वप्नाची धाकटी बहीण स्नेहा घोडेगावलाच दिलेली. तिचा नवरा रुपेश राहत्या घराच्या पुढच्या खोलीत संगणकावरच्या टायपिंगचा क्लास चालवायचा. त्यामुळे सगळं घर तिच्याकडे जमलं. पुरणपोळीचा बेत होता, स्वप्नाने चार दिवस रजा टाकली होती. शुक्रवारी सकाळी, रुपेशकडे ब्रॉडबँड आलंय म्हणून तिने सहज टपाल उघडलं आणि तिची भूक मेली.

चिली देशातल्या एका माणसाची तक्रार होती. त्याचा प्रोग्राम शेकडो भासमान यंत्रं सांभाळायचा. यंत्राचा एखादा प्रोसेसर थोडा वेळ काढून पुन्हा बसवला, की तो प्रोग्राम त्याची यादी पहिल्यापासून परत सांगायचा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आता स्वप्नाचा नियम त्याला तोंडावर "नाही" म्हणत होता, आणि "नाही" ऐकलं की तो प्रोग्राम घाबरून आख्खं यंत्रच बंद करायचा. खाली पावेलच्या चार ओळी होत्या. नियम बरोबर आहे. पण काल चालणारं आज बंद पडलेलं मी खपवून घेणार नाही. पुढच्या आठवड्यात नवी आवृत्ती निघते आहे. रविवारपर्यंत उपाय दे, नाहीतर तुझा बदल काढून टाकतो.

स्वप्नाला रडू आलं. त्या गाभ्यात तिच्या नावाची एवढी एकच गोष्ट होती, आणि तिच्यासाठी तिने चार महिने घातले होते. शिवाय बदल काढला तर ते जुनं भगदाड पुन्हा उघडं. ती क्लासच्या खोलीत बसून राहिली. दोनदा यादी सांगू द्यावी, तिसऱ्यांदा नको? पण दुसऱ्यांदा कोणी वेगळीच सांगितली तर? चिलीवाल्यापुरती सूट ठेवावी? मग उद्या पेरूवाला येईल. दुपारपर्यंत तिने सहा उपाय लिहिले आणि सहाही खोडले. स्नेहाने दोनदा पोळी आणून ठेवली, दोनदा गार झालेली परत नेली. "ताई, एवढं काय मोडलंय गं त्यात?" तिने विचारलं. "मीच मोडलंय," स्वप्ना म्हणाली.

घाट तिथून फार लांब नव्हता. कर्ण्यांवरून भागुजींचा आवाज दिवसभर खिडकीतून येत होता. गावांची नावं, मालकांची नावं, बैलांची नावं, मग ते लांबलचक "भिर्रर्र", मग लोकांचा कल्लोळ. चारच्या सुमाराला आवाज एकदम चढला. "बारी रद्द! जुंपल्यावर बदल न्हाई म्हंजी न्हाई!" पाठोपाठ बराच वेळ गलका ऐकू आला. स्वप्नाने खिडकी लावून घेतली.

पाच-साडेपाचला भागुजी घरी आले, ते फेटा हातात घेऊन. पाठोपाठ एक टेम्पो दारात थांबला. त्यात चार बैल, आणि पुढून उतरला कुंडलिक नावाचा गाडामालक आणि त्याची म्हातारी आई कुशाबाई. भांडायला आले असावेत असं वाटलं, पण म्हातारी मुकाट्याने ओट्यावर बसली आणि कुंडलिक हात जोडून उभा राहिला. द्रौपदाने आधी म्हातारीला पाणी दिलं. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "झालं काय?"

"वहिनी, तुमीच सांगा," कुंडलिक म्हणाला. "भाऊंनी सवता आमचं बैल बघितलं, नावं पुकारली, गाडा जुंपला. तेवढ्यात आमची आई जीपमधून उतरली. वाटंत गाडी बंद पडली व्हती, तिनं काय नावं ऐकली नव्हती. धाकला बैल तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलाय वहिनी. म्हनून मी पळत माईकपाशी आलो. म्हनलं, भाऊ, तेवढी नावं परत एकदा घ्या. तर भाऊंनी बारीच रद्द केली."

"नियम म्हंजी नियम," भागुजी म्हणाले, पण आवाज माईकवरचा नव्हता. "जुंपल्यावर नावं सांगाया आला. आज ह्याला सोडलं तर उद्या समदंच येतील."

"कोनती नावं सांगितली त्यांनी?" द्रौपदाने विचारलं.

"पाखऱ्या, हरण्या, बाजी आन् लाडक्या."

"आन् तुमी आधी कोनती पुकारली व्हती?"

भागुजींनी फेटा या हातातून त्या हातात घेतला. "हीच."

"मंग बदललं काय?" द्रौपदाचा आवाज असा चढला की तो माईकवरून आल्यासारखा वाटावा. "तेच बैल, तीच नावं! त्यो बदलाया आलाच न्हाई, त्यो तेच परत सांगाया आला. माणूस तेच सांगतोय म्हनल्यावर 'बरं बाबा' म्हनायचं आन् आपल्या कामाला लागायचं. वायलं काय सांगितलं असतं तर रद्द करायची व्हती बारी. म्हातारीनं एवढ्या उन्हात यायचं आन् तुमी तिला नियम शिकवायचा?"

दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या स्वप्नाच्या हातून चहा बशीत, बशीतून पायावर सांडला. तिला तो लागलासुद्धा नाही.

"आई, परत म्हण."

"काय परत म्हनू? एकदा सांगून कळत न्हाई व्हय ह्या घरात कुनाला?"

पण स्वप्ना आत पळाली होती. एवढंच तर होतं! बंद यादीला कोणी हात लावायला आला की दार लावून घ्यायचं, असं ती करून बसली होती. तो काय घेऊन आलाय ते तिने विचारलंच नव्हतं. आलेली यादी आधीच्या यादीशी ताडून बघायची. तंतोतंत तीच असेल तर "बरं" म्हणायचं आणि काहीही करायचं नाही. एक अक्षर जरी वेगळं असेल तरी "नाही". कुलूप होतं तसंच राहणार, ताडणंही त्याच्या आतच. वीस-बावीस ओळींचं काम. दिवेलागणीच्या आत तिने ते लिहिलं, रुपेशच्या संगणकावर एक भासमान यंत्र सुरू केलं, तीच यादी परत सांगितली आणि हायपरव्हायजरने साफ "नाही" म्हटलं.

तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा "नाही". दोन्ही याद्या छापून शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवत शेवटापर्यंत गेली. दोन नोंदी वेगळ्या होत्या. त्या कोणी बाहेरच्याने बदललेल्या नव्हत्या. यंत्र चालू झालं की गाभा स्वतःच त्या नोंदींवर आपल्या खुणा करायचा, आणि ते रास्तच होतं. पण मग साठवलेली यादी नव्या कोऱ्या यादीसारखी दिसणार कशी? हातात कागद घेऊन ती बाहेर आली. टेम्पोपाशी कुशाबाई आपल्या लाडक्याच्या मानेवरून हात फिरवत होती. सकाळी पांढराशुभ्र असलेला तो बैल आता यात्रेतल्या गुलालाने निम्मा लाल झाला होता. म्हातारीला काही तो ओळखायला अडचण पडलेली दिसत नव्हती.

"आजी, एवढा रंगलाय, तरी हाच तुमचा कशावरून?" स्वप्नाने हसत विचारलं.

"गुलाल यात्रंतला हाय बाई. बैल माझाच."

स्वप्ना जाऊन पुन्हा बसली. नवी यादी आली की आधी गाभ्याने तिच्यावरही आपल्या त्याच खुणा करायच्या आणि मग दोन्ही ताडायच्या, एवढंच तिने वाढवलं. जेवणाच्या आधी हायपरव्हायजरने निमूटपणे "बरं" म्हटलं. मुद्दाम एक नोंद बदलून दिली तर "नाही" म्हटलं. तेव्हा मात्र ती भर क्लासमध्ये नाचली, आणि गार का होईना, चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

शनिवारी सकाळी तिने सगळं पुन्हा तपासायला घेतलं. खिडकी उघडी होती. कर्ण्यावरून वडलांचा आवाज आला, आणि तिने हात थांबवला. "काल एक बारी रद्द झाली. चूक माझी व्हती. कुंडलिकभाऊ त्याच बैलांची नावं सांगत व्हते आन् म्या इचार न करता गाडा मागं घ्यायला लावला. आजची पयली बारी त्यांची. कुशाबाई माईकपाशी बसल्यात. ऐका, पाखऱ्या, हरण्या, बाजी आन् लाडक्या!" तीस वर्षांत भागुजींनी माईकवर स्वतःची चूक सांगितल्याचं कोणाला आठवत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि भागुजींनी ती चार नावं आणखी दोनदा घेतली. घड्याळावर गाडा पहिला आला नाही, तिसरा आला, पण म्हातारी पहिला आल्यासारखी हसत होती असं रुपेश सांगत आला.

स्वप्नाने पत्र लिहिलं. "माझा नियम बदल अडवायला होता, पण तो पुनरुक्तीही अडवत होता. ही चूक माझी." त्या लोकांमध्ये एक पद्धत होती. दुरुस्तीच्या खाली, चूक कोणी दाखवली आणि उपाय कोणी सुचवला, त्यांची नावं लिहायची. दाखवणारा म्हणून तिने चिलीवाल्याचं नाव लिहिलं. सुचवणाऱ्याच्या जागी तिचे हात क्षणभर थांबले. मग तिने लिहिलं, द्रौपदा भागुजी डोळस. नावापुढे ईमेलचा पत्ता लिहितात, तिथे काहीच लिहिता येईना. तिने ती जागा मोकळी सोडली आणि पत्र पाठवून दिलं.

संध्याकाळी आधी चिलीवाल्याचं उत्तर आलं. चाललं, सगळी यंत्रं चालू आहेत, एकही बंद पडलं नाही. मग पावेलचं. दुरुस्ती चांगली आहे, खुणांचं ध्यानात ठेवलंस हे विशेष. घेतो. फक्त एक प्रश्न. ही सुचवणारी इंजिनिअर कोणत्या कंपनीत आहे? पत्ता नाही, आणि मी हे नाव पूर्वी पाहिलेलं नाही.

स्वप्नाने लिहिलं, "ती माझी आई. तिला संगणकातलं काही कळत नाही. माझ्या वडलांनी घाटात हीच चूक केली, तेव्हा तिने त्यांना जे सुनावलं त्यातून हा उपाय निघाला. नियमात बसत नसेल तर नाव काढा, पण उपाय तिचा आहे हे खरं आहे."

चहा होईपर्यंत उत्तर आलं. दोनच शब्द होते, "नाव राहील."

रविवारी सकाळी निघायच्या आधी स्वप्नाने आईला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं. रुपेशने खुर्ची पुढे ओढून दिली. भागुजी मागे उभे राहिले. द्रौपदाला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून स्वप्नाने तिचं बोट धरून ओळीखाली ठेवलं. "हे तुझं नाव."

"माझं? कशापायी?"

"परवा तू दादांना," स्वप्नाने वडलांकडे बघितलं, "बोललीस ना, तेच बैल तीच नावं म्हणून. त्याने माझं काम वाचलं. ज्याने सुचवलं त्याचं नाव लिहितात."

"आन् हे दिसनार कुठं?"

"जगात जिथे जिथे ही प्रणाली जाईल तिथे. आता कोणी काढायचं म्हटलं तरी निघायचं नाही."

द्रौपदाने पडद्याकडे बघितलं, मग मान वळवून नवऱ्याकडे. "ह्यांचं न्हाई ना कुठं त्यात?"

"नाही."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने भागुजी हसले. द्रौपदाही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "तीस वरसं हे दुनियेची नावं घेत्यात," ती म्हणाली. "बैलांचीसुद्धा. माझं नाव कुनी असं घेतलं नव्हतं गं." भागुजींचं हसू थांबलं. ते पुढे होऊन तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"वाच की," द्रौपदा म्हणाली.

स्वप्नाने वाचलं, "द्रौपदा भागुजी डोळस."

"परत वाच."

स्वप्नाने परत वाचलं. आळेफाट्याची गाडी चुकली, तेव्हा मग सगळे दुपारच्या गाडीने गेले.